शिलाई बाकी

टाकोराडीच्या बाजारचौकात, घड्याळवाल्याच्या शेजारी
माझं दुकान. हवाई दलाचा शिंपी मी.
सदतीस वर्षं बाह्या पाहतोय त्यांच्या,
चेहरे नंतर लक्षात येतात.

एबो एस्सुमन पहिल्यांदा आला तेव्हा
छाती चौतीस, श्वास ओढून छत्तीस.
"सोड श्वास," म्हटलं, "कोट खोटं बोलत नाही."
कोळ्याचं पोर. अंगाला धुरावलेल्या मासळीचा वास,
त्यावर नव्या साबणाचा.
मनगटापाशी एकच पट्टा, दोऱ्याएवढा;
मी तो लावेपर्यंत हात धरून उभा राहिला,
जणू टाके त्यालाच पडतायत.

त्याच्या मागे अबांगा. उत्तरेचा, बोल्गाचा,
उंच, उतरत्या खांद्यांचा,
डावी बाही उजवीपेक्षा अर्धा बोट आखूड लागायची.
ट्रेनर विमानात दोघं एकाआड एक बसायचे
आणि दुकानात येऊन एकमेकांच्या उतरण्याची नक्कल करायचे
माझ्या इस्त्रीच्या टेबलावर, तळहातांनी.

दुसरा पट्टा लागायचा होता, तेव्हा दोन्ही कोट बरोबरच आले.
हरमॅटनचे दिवस. सुईचं नाक दिसू नये इतकी धूळ.
मी पट्टे बेतले.
बेतणं माझं काम,
जिवावर बेतणं त्यांच्याकडे.
शुक्रवारी एस्सुमन एकटा आला,
आपला कोट घेतला, पैसे मोजले,
खुंटीवरच्या दुसऱ्या कोटाकडे बघितलं नाही.
तामालेच्या धावपट्टीअलीकडे, एवढंच कानावर आलं.
मी विचारलं नाही.
शिंप्याने माप तेवढं विचारावं.

मग दोन पट्ट्यांमध्ये एक बारीक.
मग तीन पुरते, आणि कमरेला दीड इंच जास्त.
मन्रोव्हियाहून परतला तेव्हा म्हणाला, अस्तर बदल.
डाग कसला, ते मीही बोललो नाही, तोही नाही.
चौथ्या पट्ट्याच्या वेळी कोट ड्रायव्हरने आणला:
"साहेब म्हणतात, माप तेच."
तेच नव्हतं. मी गुपचूप दाब सोडला.

पुढे आक्रा, बर्मा कॅम्प. विमानं सुटली, फायली लागल्या.
एअर कमोडोर झाला की चारही पट्टे उसवावे लागतात,
त्यांच्या जागी एकच, तळहाताएवढा रुंद.
उसवले, तर खालचं कापड कोरं निघालं,
त्या पहिल्या दिवसाचं निळं.
क्षणभर वाटलं, त्याला बोलावून दाखवावं.
रुंद पट्टा लावून टाकला.
वर आणखी एक लागला, तो शेवटचा.

निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या आठवड्यात
टॅक्सीतून उतरला, साध्या सदऱ्यात.
बसला नाही.
"अजून आहे?"
मी कपाटातून काढून दिला. कापराचा वास आला.
जुनी वही उघडली: अबांगा, दोन पट्टे, डावी बाही आखूड,
दोनशे सेडी.
मधल्या काळात सरकारने नोटांवरची चार शून्यं उडवलेली.
अख्ख्या दलाचं बजेट सांभाळलेला माणूस
बोटांवर हिशेब करत राहिला.
"दोन पेसेवा," म्हणाला शेवटी.
मोठी नोट पुढे केली. मी परत सरकवली.
"हिशेब म्हणजे हिशेब, एअर व्हाइस मार्शल."

गेला.
घड्याळवाल्याला विचारलं, केंकीवालीला विचारलं,
टोमॅटोच्या ढिगांमागच्या बायकांना विचारलं;
त्या हसल्या, कोण घेतं हल्ली असली नाणी!
तासाभराने घामेजून आला,
मुठीत दोन नाणी, एक काळं पडलेलं.
मी वहीत लिहिलं, मिळाले.
कोट त्याने घडी न करता हातावर घेतला.

तो चौक ओलांडत होता तेव्हा
बाह्या लोंबताना दिसल्या,
दोन्ही सारख्या.
डावी आखूड करायची राहिलीच होती माझ्याकडून.
म्हणजे एक पेसेवा
त्याचा माझ्याकडे निघतो.