ळ

पणजोबा शांतवन भिंगारदिवे
सकाळी साडेसहाला बंगल्यावर जात,
बिशप वेल्बींना मराठी शिकवायला.
महिना अकरा रुपये, शिवाय चहा,
मागच्या दाराशी,
खानसाम्यानं वेगळ्या ठेवलेल्या कपात.

साहेबाला ळ कधीच जमला नाही.
भायखळा तो भायखला, मासळी ती मासली,
आणि ‘मला कळलं’ म्हणायचं तर
‘मला कललं’.
पणजोबा मिशीत हसत:
जीभ वर, साहेब. टाळूला. पुन्हा.

त्याच जिभेनं एका ईस्टरला त्यानं सांगितलं,
प्याला एकच राहील.
माझ्या मुन्शीच्या ओठांनंतर ज्याला तो नको
त्यानं जाताना दार लावून घ्यावं.
निम्मं देऊळ उठलं.
दार कुणी लावलं नाही.

आणि प्लेगच्या साली
झोपड्या जाळायच्या कागदावर सही त्याचीच.
त्यातली एक पणजीच्या भावाची.
माणसं आधी बाहेर काढली, म्हणतात.
सगळी नाही, असंही म्हणतात.

आत्या त्याला संत म्हणते.
काका नाव निघालं की ताटावरून उठतो.

शिवडीत कबर सापडायला मला तीन रविवार लागले.
नावातली दोन अक्षरं कुणीतरी छिन्नीनं उडवलीत,
तारीख तेवढी शाबूत.
खालून पिंपळाचं मूळ आलंय,
दगड एका अंगाला गेलाय.

आजूबाजूला कुणी नाहीसं बघून
मी मोठ्यानं म्हटलं,
साहेब, कललं.