झाकणाच्या आत

बोरा बझारात, दुसऱ्या जिन्याच्या वळणावर,
केर्सी मास्तर भिंगातून बघून म्हणाले,
"हे काय, हाताला कुकर बांधला?"

भाच्याचं नवं घड्याळ.
लोअर परळच्या काचेरी दुकानातलं, हप्त्यांवर.
बाहीत मावत नाही.
तबकडीच नाही, आतडी उघडी,
सगळं फिरताना दिसतं,
वाजले किती, तेवढं शोधावं लागतं.

मी शेजारी बाबांचं ठेवलं.
सायीच्या रंगाची तबकडी, दोन काटे, संपलं.
खोटं कशाला बोलू, रोज चार मिनिटं मागे पडायचं ते.
बाबा सकाळी चावी देताना
ती चार मिनिटं गुपचूप भरून टाकत,
दुकानदाराची उधारी फेडावी तशी.

मास्तरांनी मागचं झाकण काढलं.
आत सुईनं कोरलेलं, बारीक:
५८.
६६, नवी स्प्रिंग.
७१, पाणी गेलेलं.
आणि एक वाकडं गुजराती अक्षर.
त्यावर त्यांनी अंगठा फिरवला.
"पप्पांचं."

मग भाच्याचं उलटं केलं.
मागेही काचच.
बराच वेळ ते त्यातून
स्वतःच्याच बोटांकडे बघत राहिले.

"चालतं झकास," म्हणाले,
"पण डिकरा, यात मी सही कुठे करू?"