नेटा गीकी, बाजू पहिली

डंडीच्या वाचनालयाच्या तळघरात
रेडिएटर टकटकत असतो,
मी कॅसेटींची चित्रं करत असते.
चाळीस मिनिटांचा आवाज
अठराशे पिक्सेल लांब, दोनशे उंच.
एका उभ्या रेघेला सव्वा सेकंदाहून थोडं जास्त,
त्यात अठ्ठावन्न हजार आठशे नमुने.
सर्वांत वरचा ठेवायचा, सर्वांत खालचा ठेवायचा.
मधल्यांना कोण विचारतं.

रंग मात्र माझ्या मर्जीचा.
निळा दे, फर्ग्युस म्हणाला, सगळे निळाच देतात.
मी भिजलेल्या पोत्याचा दिला.

नेटा गीकी, बाजू पहिली.
साल शहाऐंशी, तिच्याच स्वयंपाकघरात.
प्रश्न विचारणारा पोरगा बुजरा,
त्याचे प्रश्न म्हणजे कापलेल्या गवताचे खुंट.
आणि मग ती :
नुसती बाभळीची बनं, एकामागून एक,
वर जेवढी, खाली तेवढीच.
चौदाव्या वर्षी तागाच्या गिरणीत मागावर,
विशीच्या आत कान गेलेले,
आपण किती मोठ्यानं बोलतोय
हे तिला समोरच्याच्या भुवयांवरून कळायचं.

अकराव्या मिनिटाला पोरगा दुसरी टेप लावतो,
गिरणी बंद व्हायच्या आधी भरून ठेवलेला मागखाता.
आणि चित्रात एक वीट येते.
वरपासून खालपर्यंत भरीव,
सुई शिरेल एवढी फट नाही.
फाइल बिघडली, फर्ग्युस म्हणतो.
नाही रे बाबा,
मी हिच्या पाठीला पाठ लावून झोपलेय.

इचलकरंजीत आमची मागची भिंत
म्हणजे चोवीस मागांच्या शेडची पुढची भिंत.
रात्री वीज गेली की
मी दचकून जागी व्हायचे,
एवढी शांतता कुठून आली म्हणून.
अण्णा जेवताना मीठ बोटांनी मागायचे,
हवेत चिमूट.
अजून फोनवर निरोप पाठवतात,
त्या इवल्या पट्टीतल्या सगळ्या काड्या छताला टेकलेल्या,
आणि ऐकावं तर
जेवलीस का, एवढंच.

विटेनंतर दहा रेघा जवळजवळ सपाट.
टाइप केलेल्या प्रतीत तिथं कंसात : शांतता.

मी उंची दसपट केली.
सपाट रेघेला लव फुटली.
टेपची खरखर, घड्याळ,
खुर्चीचं एकदा करकरणं,
आणि ओठ. कोरडे ओठ
उघडताना, मिटताना, उघडताना.
मग पोरगा, अगदी हळू :
मिसेस गीकी, मला ऐकू येत नाहीये तुम्ही काय म्हणताय.
आणि तिचं हसू,
अख्ख्या बाजूतलं सर्वांत उंच टोक.

म्हणजे मागांचा आवाज आला तशी
ती मागांत बोलायची तसं बोलायला लागली,
घसा न लावता, नुसत्या तोंडाच्या आकारांनी.
त्या खडखडाटात कोण कुणाला हाक मारणार.
पलीकडच्या मागावरची बाई वाचायची ओठ,
घरचं, दारचं, मुकादमाच्या शिव्यासुद्धा.
टेप थांबली ते तिला कळलंच नाही.
चौदा सेकंद ती काहीतरी सांगत होती,
कुणाला, देव जाणे. त्या पोराला तरी नक्कीच नाही.

ते कुठल्याच रेघेत नाही.
उंची शंभरपट केली, नाही.
हज्जारपट केली तर नुसता धुरळा.

नियम सांगतो, चित्र नॉर्मलाइज करा,
बारीक आवाज वर ओढा, सगळं नीट दिसू द्या.
मी नाही केलं.
सपाट आहे ते सपाट राहू दे.
प्रतीतला शांतता हा शब्द मात्र खोडला,
आणि तिथं काय लिहावं
याचा विचार करत बसले.

साडेपाचला फर्ग्युस दाराशी आला,
दिव्याच्या बटणावर हात.
माझ्या कानांवर हेडफोन.
मी पंजा उघडून दाखवला, पाच मिनिटं.
त्यानं मान हलवली,
ओठांनी काहीतरी म्हणाला,
आणि मला
कळलं.