सोपं

आधी मी हात बघतो.
चेहरा, पाकीट, कुठल्या गावचे, हे नंतर.
काउंटरच्या काचेवर टेकलेले हात
बहुतेक वेळा खरं सांगतात.

वर्लीन टकेटचे हात म्हणजे आल्याची कुडी.
एकतीस वर्षं कोंबड्यांच्या कारखान्यात,
बर्फाच्या पाण्यात, मिनिटाला अडतीस मांड्या,
प्रत्येकीतून हाड वेगळं.
अंगठे तिथेच राहिले, म्हणाली,
पेन्शनीत धरले नाहीत.

बाहेर तिचा ट्रक चालूच होता;
बंद केला तर किल्ली पुन्हा पिळावी लागते.

"लहानसं दाखव."
सगळे हेच म्हणतात.
मी साबणाच्या वडीएवढं काढलं
आणि सांगून टाकलं: जितकं लहान
तितकी लाथ मोठी.
"माझी आई चार फूट दहा इंच होती," ती म्हणाली,
"मला नवीन काही सांगू नकोस."

मग जरा भरीव, मूठ नीट बसेल असं.
वरची सरक डाव्या हातानं नुसती धरायची,
उजव्यानं पिस्तूल पुढे रेटायचं,
ओढायचं नाही, रेटायचं.
स्प्रिंग हलली नाही. वर्लीन हलली.
खांदा, कोपर, जबडा,
सगळं अंग लावलं वीतभर लोखंडाला.
भिंतीवरच्या हरणानं नजर वळवली नाही,
मी वळवली.

रिव्हॉल्व्हरचा घोडा
गंजल्या पंपाच्या दांड्यासारखा.
तो तिनं एकदाच दाबून पाहिला.

शेवटी खालच्या खणातलं काढलं.
पुरुषांना ते दाखवलं की राग येतो.
बावीसचं, मऊ. बाजूचा खटका दाबला
की नळी मागून वर उचलते,
गोळी आत ठेवायची,
पत्रपेटीत चिठ्ठी सोडावी तशी.
बाकी कशाला जोर नाही.

खटका तिच्या अंगठ्याखाली आला
आणि उघडला.
पुन्हा उघडला. नऊ वेळा; मी मोजलं.
किती वर्षांनी एखादी वस्तू
तिच्या हाताचं ऐकत होती.
रात्री दाराशी येऊन कोण उभं राहतं
ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

मग तिनं ते खाली ठेवलं,
तापलेलं पातेलं ठेवावं तसं.
"हे कुणीही उघडेल."
"तेच तर," मी म्हणालो, दुकानदाराच्या आवाजात.
"नाही रे. *कुणीही*."

ट्रकच्या खिडकीत एक टोपी होती.
टोपीखाली, सीटवर उभा, पाच वर्षांचा केड,
काचेवर वाफ सोडून
बोटानं काहीतरी काढत होता.
मुलीचा मुलगा.
मुलगी येईल तेव्हा येईल.

मी कुलपाच्या पेट्या मांडल्या.
एकीची किल्ली नखाएवढी.
एकीची बटणं दाबताना तिचे ओठ पांढरे पडले.
तिला जमेल ते त्याला खेळणं,
त्याला अडेल ते तिलाही अडणार;
या दोघांच्या मध्ये बसेल असं काही
माझ्या दुकानात नव्हतं.

एक होती, बोट ओळखणारी, महाग.
तिनं बोट ठेवलं. लाल दिवा.
दुसरं बोट. लाल.
दहाही झाली.
थंड पाण्यानं, क्लोरीननं, कोंबड्यांनी
ठसे केव्हाच धुऊन नेले होते.
"बघ," ती म्हणाली, "मी नाहीच म्हणतंय."
आणि हसली. मला हसता आलं नाही.

मंगळवारी येते म्हणाली.
पिस्तुलाला तिच्या नावाची चिठ्ठी बांधून
मी ते आत ठेवलं.

दुकान बंद केल्यावर
दोन्ही अंगठे चिकटपट्टीनं तळहाताला बांधले,
शटर अर्धं ओढलेलं,
आणि कॅटलॉगमधल्या, गोदामातल्या,
मिळतील त्या सगळ्या पेट्या उघडून पाहू लागलो.
बायकोचा फोन वाजत होता, उचलता येईना.
सहावीपर्यंत आलो होतो.