उकेमी

मंडईच्या आधी आठ दिवस
पवनीच्या काळीपिवळीतून ती उतरली,
विहाराच्या मूर्तीसोबत आलेल्या सात पाहुण्यांतली शेवटची,
एक पाय जरा फेकत चालणारी.
मान अशी जाड, की आत्या म्हणाली,
"बाई होय का नांगराचा बैल, वो?"
आणि लगेच तिला पिढा दिला, पाणी दिलं.

नाव मिनेको तात्सुता. वय एकसष्ट.
दुभाष्या आमचाच चरणदास,
ओसाकाच्या कारखान्यात सहा वर्षं काढलेला.
तो म्हणाला, कुस्ती खेळायची. टीव्हीवर.
रिंगणातलं नाव दोकुगा.
म्हणजे?
विषारी पाखरू.
"खोडकिड्याचं का?" बाबांनी विचारलं,
आणि त्या साली खोडकिड्यानं खाल्लेली बांधी
त्यांच्या तोंडावर आली.

चरणदास सांगे, ती मान हलवे:
पंधराव्या वर्षी कोळ्यांच्या गावातून पळाली.
दोन वर्षं नुसते थोरलींचे कपडे धुतले, भात रांधला
आणि पडली. दिवसाला तीनशे वेळा, पाठीवर.
मग तिला वाईट बाई केलं.
चेहरा देखणा नव्हता, म्हणून.
हातात साखळी दिली, तोंडाला निळा रंग,
सांगितलं, त्या गोड पोरीला केसांना धरून ओढायचं.
शाळकरी मुली हॉलभर रडायच्या, हिला मर म्हणायच्या.
एकीनं पाकिटातून ब्लेड पाठवलं.
ते तिनं अजून जपलंय.

एकदा हरली म्हणून भर रिंगणात डोकं भादरलं.
आत्यानं विचारलं, "दीक्षा घेतली होती का?"
चरणदासनं हेही पोचवलं.
ती इतकी हसली, की खालचे दोन दात नाहीत ते दिसलं.

सव्वीसावं लागलं, तशी कंपनीनं फुलं दिली,
दहा वेळा घंटा वाजवली
आणि घरी पाठवलं.
पुढे चौतीस वर्षं डबे भरायच्या कारखान्यात:
भाताच्या मधोमध एक लाल आंबट फळ ठेवायचं.
बस, एवढंच काम.

"पण खोटीच असते ना ती कुस्ती?" भाऊ म्हणाला.
चरणदासनं भीत भीत विचारलं.
ती उठली, खळ्यावर तणीस पसरलं,
आणि एकसष्ट वर्षांची बाई
उभ्याची आडवी झाली, धाडदिशी.
कोंबड्या उडाल्या. आईच्या हातातलं सूप सुटलं.
मग पडल्यापडल्याच बोट वर करून
तिनं मला बोलावलं.

उकेमी, ती म्हणाली. पडायची विद्या.
आमच्या टोलीत सगळी घरं उक्यांचीच,
पोरी खिदळल्या: उके मी, उके तू, उके ती.
हनुवटी छातीला. श्वास सोड.
जमिनीनं मारायच्या आत तळहातानं तू तिला मार.
सहा दिवस. पाठीला तणसाची कुसळं,
रात्री आई खोबरेल चोळताना बडबडायची.
कबड्डीत पकडीचं भय गेलं.
पूर्ण नाही. बरंचसं.

मंडईच्या रात्री नाटक, पहाटेपर्यंत.
पौर्णिमा चाफले सावत्र आई झालेली,
पोराच्या दुधात काहीतरी कालवत होती,
आणि अख्खा मांडव तिला शिव्या घालत होता,
माझी आई सगळ्यांत पुढे, चप्पल उगारून.
तेवढ्यात मिनेको उभी राहिली.
एकटीच टाळ्या वाजवत राहिली.
मागून कोणी ओरडलं, बस ना बाई, दिसत नाही.
ती स्टेजकडे तोंड करून कमरेतून वाकली,
बराच वेळ वाकलेलीच.

नाटक सुटल्यावर शोधत गेले, तर पडद्यामागे
एका ट्रंकेवर दोघी.
चरणदास केव्हाचा घोरत पडलेला,
बोलायला भाषा नाही.
पौर्णिमाबाई तेलाच्या बोळ्यानं तोंड पुसत होत्या.
मिनेकोनं तो बोळा त्यांच्या हातातून घेतला,
त्यांची मान हलकेच वळवली,
आणि कानामागे जो राहून जातो,
तो रंग पुसून दिला.