जत्रेची पाटी

कौन्सिलने फळी पाठवली, दोन डबे रंग
आणि चिठ्ठी: शुक्रवारच्या आत नाव टाका.
कुठलं नाव, ते लिहिलं नव्हतं.

मी कोलमन. अक्षरं काढतो: खाटकाची, थडग्यांची,
दर वर्षी मालक बदलणाऱ्या त्या एका पबची.
अर्थ कधी माझ्या आड आला नाही.

गॉबनेट दारात बसून बदकाची पिसं उपटत होती.
म्हटलं, ऑक्टोबरात चौकात गुरं भरतात, त्याला म्हणायचं काय?
म्हणाली, आईने नाव कधी घेतलंच नाही.
म्हणायची, 'चिखलाचा'.
म्हणायची, 'बापाने बूट आणले तो', 'ठिपकी गेली तो'.
आणि एका वर्षाचा नुसताच 'तो',
त्यावर घरात कुणी पुढे विचारत नसे.

ठिपकीला घेणारा बोटीने आलेला.
आकडे इंग्रजीत झाले. आईला वीसपर्यंतच यायचे,
म्हणून ती विसावर थांबली.
गाय बहुधा तेविसाची होती.
त्याने दोर ओढला, 'कम ऑन' म्हणाला. गाय हलेना.
तिला ती भाषा कुणी शिकवलीच नव्हती.
शेवटी आईनेच आपल्या बोलीत तिच्या कानात सांगितलं, जा.
गेली.

पाटीचं बोल, गॉबनेट.
एनख लिही.
मास्तर सांगायचे, या शब्दाच्या पोटात जुना 'एक' बसलाय:
विखुरलेली माणसं एका माळावर येतात,
तो माळ, तो दिवस, ती गर्दी, सगळ्याला हाच शब्द.

शुक्रवारी सकाळी, उशिराच, लिहिलं. हिरव्यावर पांढरी सहा अक्षरं.

दहाला नदीच्या उत्तरेचा फेस्टस घोडी घेऊन थांबला,
मोठ्याने वाचलं: ईनख.
गॉबनेट म्हणाली: एनख.
माझा आजा ईनख म्हणत मेला.
म्हणूनच मेला.

माणसं जमली. कुणी बाजू घेतली, कुणी चहा.
मग मॅलकी पुढे झाला, पन्नास वर्षं दलाली केलेला,
ज्याच्या स्वतःच्या दावणीला कधी शेळीही नव्हती.
दोघांची मनगटं धरून एकत्र आणली.
फरक अर्धा अर्धा, म्हणाला.
ते हात मागे घेत, हा पुन्हा ओढून आणी.
थुंका तळव्यावर. सोडशील?

आमच्या भाषेत 'हो' असा शब्द नाही,
'नाही' असाही नाही.
विचारलेलं क्रियापदच परत करावं लागतं.

बराच वेळ गेला. घोडीने फळी हुंगली,
तिच्या नाकाला ओला रंग लागला.

सोडीन, गॉबनेट म्हणाली.
सोडीन, फेस्टस.
काय सोडलं, कुणालाच नीट कळलं नाही,
पण हातावर हात असा वाजला की कोपऱ्यातली मेंढरं दचकली.

विकणाऱ्याने घेणाऱ्याला शकुनाचं नाणं परत द्यायचं असतं.
इथे विकलं कुणी, हेच ठरेना.
म्हणून दोघांनी एकमेकांना एक एक युरो दिला,
आणि मी घोडीने पुसलेलं अक्षर
पुन्हा काढायला बसलो.