पाणी साडेचारला येतं

गजर चार वीसचा.
मी चार अठरालाच जागा असतो,
दोन मिनिटं त्याची वाट बघत पडून राहतो
आणि वाजायच्या आत त्याचा गळा दाबतो.
शेजारी शकूचा आत्ता कुठे डोळा लागलेला असतो.

पाणी साडेचारला येतं.
आधी नळ खोकतो,
मग एक लांब श्वास, मग गढूळ चूळ,
मग येतं.
पिंप, दोन कळश्या, बादली, मोरीतला तो निळा डबा
ज्याचं झाकण गेल्या गणपतीत हरवलं.
गोठिवलीत सगळ्यांचे नळ एकदमच खोकतात.
भिंतीपलीकडे भोईरांची बादली वाजते.
आम्ही एकमेकांना दिसत नाही,
पण कुणाचं किती भरलं ते कळतं.

आमच्या बाबूसचंही पाणी होतं.
ते खाडीला यायचं, चंद्र बघून,
रोज पाऊण-एक तास उशिरा.
त्यामुळे तो कधी दोनला उठायचा, कधी पाचला,
कधी भर दुपारी, भरल्या ताटावरून.
"ऊठ रं, पानी लागलं,"
म्हणत मला पायाने ढोसायचा.
भिंतीवर लग्नात मिळालेलं घड्याळ होतं.
ते बंद पडल्याचं
वर्षभर कुणाच्या लक्षात आलं नाही.

माझं पाणी सरकत नाही.

पाच वाजता तांदळाच्या दोन भाकऱ्या थापतो,
कालच्या सुकटीबरोबर उभ्यानेच खातो.
डब्याला सुकट नेत नाही.
ऑफिसात एसी आहे, वास कोंडतो.
एकदा रेळेबाईंनी नाकाला रुमाल लावला होता,
बोलल्या काहीच नाहीत.
तेव्हापासून बटाटा.

पाच चाळीसला हेमांगी येते,
ऐरोलीची रात्रपाळी संपवून.
दाराशी ती चपला काढते, मी घालतो.
गळ्यात दोरी तिच्याही, माझ्याही,
फोटोत दोघंही झोपेत असल्यासारखे.
"झोप," मी म्हणतो.
"सांभाळून," ती.
कधी तिच्या वाट्याचा चहा मी पिऊन टाकलेला असतो.
ती पातेलं उचलून बघते, परत ठेवते.

रबाळे नाक्यावरून कंपनीची बस.
तळोज्यापर्यंत सगळे माना टाकून झोपतात.
मी उजवीकडे बघतो.
घणसोलीच्या एका सेक्टरात आमचं खाजण होतं.
आता तिथे सात मजले, खाली ब्युटी पार्लर.
बांध नेमका कुठे होता
ते मला पार्लरच्या पाटीवरून सांगता येतं.

गेटवर यंत्र.
अंगठा ठेवा.
ठेवतो.
पुन्हा प्रयत्न करा.
पँटला पुसतो, फुंकर मारतो, ठेवतो.
पुन्हा प्रयत्न करा.
मागे रांग खाकरते.
एचआरची पोरगी म्हणाली होती,
"काका, तुमच्या रेषाच गेल्यात."
चलनं मोजून गेल्या असतील.
की राखेने भांडी घासून, लहानपणी.

बाबूसचा अंगठा एकदाच घेतला होता,
जमिनीच्या कागदावर.
निळी शाई, कुणीतरी हात धरून टेकवलेला.
त्या रात्री मोरीत बसून त्याने तो राखेने घासला,
तरी नखाच्या कडेला आठवडाभर राहिली.
माझा रोज घेतात.
शाई लागत नाही, धुवायलाही काही नाही.
तिसऱ्या वेळी हिरवा दिवा लागतो,
आणि एक बाई हिंदीतून माझे आभार मानते.

परवा रविवार होता.
चार अठराला उठलो, पाणी भरलं,
भोईरांचंही भरून झालं.
मग पायात चपला आहेत असं लक्षात आलं,
म्हणून चालत खाडीवर गेलो.
सुकती होती. नुसता चिखल,
त्यात एक प्लास्टिकची खुर्ची, तीन पायांची.
पाणी कधी लागणार, सांगता येईना मला.
मोबाइलमध्ये बघितलं असतं,
तो घरी, उशाशी.

वर बघितलं, चंद्र होता.
त्याच्याकडे बघून काय मोजायचं असतं
ते आठवेना.
उभा राहिलो.